खोक्यावर ‘गिफ्ट’ लिहिणाऱ्यांनो

जून २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात माझा फोन चपलांनी भरून गेला होता. प्राडानं मिलानमधल्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये मॉडेलांच्या पायांत जे घातलं ते सरळसरळ कोल्हापुरी होतं आणि वर्णनात लिहिलं होतं नुसतं ‘लेदर सँडल’. कोल्हापूरचं नाव नाही, भारताचं नाही. मग काय, शाळेच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर, अमेरिकेतल्या मावसभावाच्या स्टेटसवर, सगळीकडे एकच संताप. आमचं नाव चोरलं. आमच्या कारागिराला श्रेय नाही. मीही दोन कडक पोस्टी टाकल्या. चांगल्या चालल्या.

त्याच आठवड्यात एका ओळखीच्या कुरिअरवाल्याच्या काउंटरवर मी उभा होतो. माझ्यापुढं एक बाई न्यू जर्सीला खोकं पाठवत होत्या. आत सहा जोड कोल्हापुरी. विकलेल्या, पैसे घेतलेल्या. पोरानं विचारलं, आत काय? बाई म्हणाल्या, चपला. त्यानं मान वर न करता टाइप केलं: ‘गिफ्ट, स्लिपर्स, दहा डॉलर’.

प्राडानं निदान ‘लेदर’ तरी म्हटलं होतं.

हा लेख त्या पोराविरुद्ध नाही. तो त्याचं काम करतो, दिवसाला शंभर खोकी काढतो. हा लेख आपल्याविरुद्ध आहे. जे माल विकतात, जे तिकडून मागवतात आणि ‘गिफ्ट लिहून पाठवा ना, काय होतंय’ म्हणतात, आणि विशेष करून माझ्यासारखे, ज्यांनी घरच्या धंद्याला झकपक वेबसाइट करून दिली आणि खोक्यावर काय लिहायचं हे एजंटवर सोपवलं.

आमचं घर कोल्हापूरच्या सुभाषनगरातलं. आण्णा चपला करतात, आजोबा करायचे. आई वेण्या घालते. चपलेवरची ती बारीक विणलेली चामड्याची वेणी तुम्ही पाहिली असेल, ती बहुतेक घरांत बायकाच करतात आणि फोटोत कधी त्यांचे हात नसतात. मी घरातला पहिला इंजिनिअर. पुण्यात बॅकएंडचा कोड लिहितो. २०२३ मध्ये मी आण्णांसाठी वेबसाइट केली. पायाच्या मापाचं पान, पैसे भरायचं पान, सगळं छान. ऑर्डर आली की आण्णांच्या फोनवर मेसेज जायचा. मला वाटलं, झालं काम.

जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाची बारा जोडांची ऑर्डर आली. गणपती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात होते, ढोलपथकाला एकसारख्या चपला हव्या होत्या. जोडाला ४५ डॉलर, म्हणजे एकूण ५४०, तेव्हाच्या भावानं सुमारे ४५ हजार रुपये. आण्णांनी तीन आठवडे दुसरं काही हातात घेतलं नाही. खोकं झालं ५० बाय ४० बाय ३५ सेंटिमीटर. वजन काट्यावर नऊ किलो, पण पैसे चौदा किलोचे लागले. कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची गुणून ५००० नं भागतात आणि जे जास्त भरेल ते वजन धरतात, हे मला तिथं उभं राहून कळलं. (खोकं दहा सेंटिमीटरनं बुटकं बसलं असतं तर चौदाचे दहा झाले असते. आण्णांना हे आधी सांगितलं असतं तर त्यांनी चपला तळाला तळ लावून बसवल्या असत्या, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.) अकरा हजार गेले. एजंट म्हणाला, ‘साहेब, गिफ्ट टाकतो. युज्ड स्लिपर्स. पंधरा डॉलर. झंझट नको.’ मी म्हणालो, टाका.

खोकं हरवलं. कुठं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. ट्रॅकिंग एका गोदामाशी येऊन थांबलं ते थांबलंच. मंडळानं सहा आठवडे वाट पाहिली, मग कार्डाच्या बँकेकडे तक्रार केली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मीही तेच केलं असतं. बँकेनं आमच्याकडे कागद मागितले. आमच्याकडे दोन कागद होते. एका पावतीवर बारा जोड नव्या चपला, ५४० डॉलर. दुसऱ्या, खोक्याबरोबर गेलेल्या फॉर्मवर वापरलेल्या स्लिपर, भेटवस्तू, १५ डॉलर. खाली माझी सही.

आता तुम्ही त्या बँकेतले कारकून आहात असं समजा. काय निकाल द्याल?

पैसे परत गेले. वाहतूक कंपनीनं नियमाप्रमाणे नुकसानभरपाई दिली, जाहीर केलेल्या किमतीइतकी. पंधरा डॉलर. साडेबाराशे रुपये. आण्णांना मी हे सगळं समजावून सांगत होतो, जाहीर किंमत म्हणजे काय वगैरे. ते ऐकून घेत होते. मग एवढंच म्हणाले, ‘मी काय पावण्याला भेट दिल्यात व्हय रं? इकल्यात की.’

पुढं मी नियम वाचायला बसलो, रागानं आणि जरा लाजेनंही. तिथं जे सापडलं त्यानं लाज वाढली. त्या काळात अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचा माल आयात शुल्काशिवाय आत जात होता. २०१६ पासून ही मर्यादा होती. आमचा माल ५४० चा. खरं लिहिलं असतं तर एक पैसा शुल्क लागलं नसतं. उलट भेटवस्तूची मर्यादा होती फक्त १०० डॉलर. म्हणजे एजंटनं आम्हाला मोठ्या दरवाजातून काढून खिडकीतून आत ढकललं होतं, आणि दरवाजा उघडा होता. खोटं बोलायची काही गरजच नव्हती. सवय होती.

सवय कुठली, याचाच मला राग आहे. ‘जरा कमी लिहा’ ही सवय. घराच्या खरेदीखतात कमी लिहा, सोन्याच्या बिलात कमी लिहा, खोक्यावर कमी लिहा. यात हुशारी आहे असं आपल्याला लहानपणापासून वाटतं. पण घर कमी किमतीचं दाखवलं तरी घर जागेवर राहतं. खोकं राहत नाही. ते पाच देशांच्या पाच हातांतून जातं आणि प्रत्येक ठिकाणी त्याची ओळख म्हणजे तुम्ही लिहिलेली ती एक ओळ. ती ओळ खोटी असेल तर खोकं हरवल्यावर तुम्ही नेमकं काय हरवलं म्हणून सांगणार?

आणि इथं मला एक गोष्ट बोलायची आहे जी धंद्याच्या व्हिडिओंत कोणी बोलत नाही. माझ्या पणजोबांना चपलांची किंमत मिळत नव्हती. बलुतं मिळायचं. वर्षभर गावाची पायताणं, मोटेची चामडी, चाबूक करायचे आणि सुगीला पाटलाच्या खळ्यावर जाऊन जे पदरात पडेल ते घ्यायचं. कमी पडलं तर बोलायची सोय नाही, कारण तो व्यवहार नव्हताच, मेहेरबानी होती. त्यातून बाहेर पडून ‘ह्या जोडाचे इतके रुपये’ असं तोंडानं म्हणता यायला आमच्या घरात पिढ्या गेल्या. माझ्या वेबसाइटवरून निघालेली ती ५४० डॉलरची पावती ही आमच्या घरातली परदेशी माणसाला दिलेली पहिली पावती होती. आणि मी, शिकलेला पोरगा, तिच्या शेजारी दुसरा कागद जोडला की हे सगळं भेट आहे, जुनंपानं आहे, फुकट आहे. कातडं कमावायला बाभळीची साल आणि हिरडा लागतो, महिना लागतो. ‘युज्ड’ लिहायला दोन सेकंद.

याचा चटका पुढं आणखी एकदा बसला. एका काकूंचं खोकं व्यवस्थित पोचलं, तेही ‘गिफ्ट’चंच, जुन्या खेपेतलं. त्यांनी लेबलचा फोटो पाठवून विचारलं, ‘खोक्यावर पंधरा डॉलर लिहिलेत, मग माझ्याकडून पंचेचाळीस कसे घेतले?’ बाई खवचट नव्हत्या. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. मी काय उत्तर देणार? सरकारला खोटं सांगितलं, तुम्हाला खरं सांगितलं, विश्वास ठेवा?

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. ते फडतूस नाही, म्हणून नीट घेतो.

पहिलं म्हणणं: आता तर ८०० डॉलरची सवलतही गेली, खरं लिहून मरायचं का? बरोबर, गेली. २९ ऑगस्ट २०२५ पासून. त्याच आठवड्यात भारतीय मालावरचं जादा शुल्क २५ अधिक २५ असं पन्नास टक्क्यांवर गेलं. भारतीय टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं. सुरुवातीला पत्रं, कागदपत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू तेवढ्या चालू होत्या, काही दिवसांत त्याही बंद झाल्या. त्या चार-पाच दिवसांत महाराष्ट्रात एकाएकी एवढी माणसं एकमेकांना भेटी पाठवू लागली की दिवाळी आधीच आली असं वाटावं. १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा पद्धत बदललेली होती. शुल्क इथंच, पोस्टाच्या काउंटरवर, आधी भरायचं. तेव्हा जाहीर किमतीच्या पन्नास टक्के.

तेव्हाचा हिशोब करा. ४५ डॉलरच्या जोडावर साडेबावीस. दहा डॉलर लिहिले तर पाच. साडेसतरा डॉलर वाचायचे, म्हणजे जवळपास दीड हजार रुपये. मोह आहे हे मी नाकारत नाही. मलाही होतो. पण हे दीड हजार कोणाचे वाचतात? शुल्क हा आयात करणाऱ्याचा खर्च, म्हणजे गिऱ्हाइकाचा. वाचले त्याचे. सही कोणाची? विकणाऱ्याची. खोकं पकडलं गेलं, फुटलं, हरवलं तर कोणाचं? विकणाऱ्याचं. सगळा फायदा एडिसनमध्ये आणि सगळी जोखीम सुभाषनगरात, असा हा सौदा आहे. तो करायला सांगणारा माणूस वाईट नसतो. ‘आपलाच’ असतो. तोच गणपतीत स्टेजवरून ‘आपल्या कारागिरांना जपा’ म्हणतो.

मी आता काय करतो सांगतो. पैसे भरायच्या पानावर चपलेची किंमत, वाहतूक आणि शुल्क अशा तीन ओळी वेगळ्या दाखवतो आणि शुल्क आधीच घेतो. धंद्याच्या भाषेत डीडीपी, म्हणजे दारात पोचेपर्यंतचं सगळं भरलेलं. निम्म्या चौकश्या त्या तिसऱ्या ओळीवर संपतात. संपू देत. आधी न सांगता पाठवलं तर काय होतं तेही आम्ही भोगलंय. कुरिअरवाला तिकडे दारात उभा राहून पैसे मागतो, गिऱ्हाइकाला वाटतं फसवलं, ते खोकं नाकारतं. मग ते परत आणायला जायच्या खर्चाइतका खर्च, आणि आपलाच माल आपल्या देशात परत घेताना पुन्हा कागद. परदेशातून परत येणारी चपल ही चपल राहत नाही, ती कर्ज होते.

दुसरं म्हणणं: सगळेच करतात, कोण बघतंय? इथं माझा पेशा बोलतो. कोण बघतंय असं विचारणाऱ्यांच्या डोक्यात अजून खाकी कपड्यांतला, खोकं फोडून बघणारा अधिकारी आहे. तो आहेच, पण खोक्याआधी माहिती पोचते. अमेरिकेत २०१८ च्या कायद्यानं टपालानं येणाऱ्या पार्सलांची माहिती आधीच इलेक्ट्रॉनिक रूपात पाठवणं सक्तीचं झालं, युरोपातही मार्च २०२१ पासून टपालाला तसंच लागू झालं. पाठवणारा कोण, घेणारा कोण, आत काय, किंमत किती, हे सगळं ओळींत, रकान्यांत साठतं. एकाच पत्त्यावरून वेगवेगळ्या माणसांना वर्षभर ‘भेटी’ जाताहेत हे शोधायला किती कोड लागतो, सांगू? चार ओळी. माझ्या टीममधला इंटर्नही लिहील. आज कोणी चालवत नसेल, उद्या चालवेल, आणि माहिती तर तुम्ही स्वतःच भरून ठेवली आहे.

या रकान्यांत एक रकाना असा आहे की तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मी आण्णांना फोन लावला. जगभरच्या सीमाशुल्काची एक सामायिक सूची असते, प्रत्येक मालाला आकडा. त्यात ६४०३.२० या आकड्यापुढं जे वर्णन आहे त्याचा अर्थ असा: तळ चामड्याचा, आणि वरचा भाग म्हणजे पायाच्या वरून आणि अंगठ्याभोवती जाणाऱ्या चामड्याच्या पट्ट्या. अहो, ही कोल्हापुरी! जगातल्या बहुतेक सगळ्या देशांच्या कस्टमच्या पुस्तकात तिच्यासाठी जागा राखून ठेवलेली आहे. तिथं आपण ‘स्लिपर्स’ लिहितो. २०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय मिळाला, आपल्याकडचे चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. त्याचा उत्सव केला. तो शिक्का खोक्यावरच्या वर्णनात लिहायला किती जागा लागते?

तिसरं म्हणणं सगळ्यांत खरं आहे: छोट्या माणसाला हे कागद झेपत नाहीत. नाहीच झेपत. निर्यातीला आयईसी क्रमांक लागतो. फी ५०० रुपये, पॅनकार्डावर मिळतो, मी फोनवरून काढला. पण मी काढला. आण्णा सातवी शिकलेत. फॉर्म इंग्रजीत, तक्रार इंग्रजीत, ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि तो नंबर तीन वर्षांपूर्वी बंद झालेला. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो क्रमांक पुन्हा ‘अद्ययावत’ करायचा, काही बदललं नसलं तरी, नाहीतर तो निष्क्रिय होतो. का? कंटेनरनं माल पाठवणाऱ्याकडे यासाठी पगारी माणूस असतो. बारा जोड पाठवणाऱ्याकडे कोण? टपाल खात्यानं २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रं काढली, तिथं फॉर्म भरून देतात, माल बांधायला मदत करतात. कल्पना चांगली आहे. पण आमच्या गल्लीत मी वीस जणांना विचारलं, दोघांना नाव माहीत होतं. या सरकारी घोडेबाजारात ‘व्होकल फॉर लोकल’चे बोर्ड छापायला जेवढा कागद लागला तेवढ्यात मराठीतली साधी माहितीपत्रकं सुभाषनगरच्या प्रत्येक दारात टाकून झाली असती.

पण सरकारला शिव्या घालणं सोपं आहे आणि त्यात आपण तरबेज आहोत. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पैठण, सावंतवाडी, अशा प्रत्येक गावच्या कारागीर घरात आज एक तरी पोरगं माझ्यासारखं आहे. पुण्यात, बेंगळुरूत, दिवसभर फॉर्म बनवतं, दुसऱ्याचे एपीआय जोडतं. आपल्याला हे कागद झेपतात, आपल्याला त्याचाच पगार मिळतो. पण घरच्या धंद्यात आपण कुठं हात लावतो? लोगोला. इन्स्टाच्या रीलला. शेवटचा फॉर्म, ज्यावर आपल्या बापाचं नाव आणि त्याच्या कामाची किंमत असते, तो आपल्याला कंटाळवाणा वाटतो.

बाकी बांधाबांधीचं ज्ञान आण्णांना माझ्यापेक्षा जास्त आहे. पावसाळ्यात तेल दिलेली चपल लगेच प्लास्टिकात कोंबायची नाही, बुरशी धरते. चार दिवस सावलीत वाळवायची, कागदात गुंडाळायची, मग पिशवी. मी फक्त ओल शोषणाऱ्या पुड्या आणि पाच पदरी खोकी आणून दिली. आणि माप. परदेशी मालाचा सगळ्यात मोठा घात बांधणीत नसतो, मापात असतो. भारताचा आठ, अमेरिकेचा आठ, युरोपचा एक्केचाळीस, यांत कोणाचं कोणाशी पटत नाही. माझ्या मापाच्या सुंदर पानावरून आलेल्या पहिल्या दहा ऑर्डरींतल्या तीन चुकल्या. मग आण्णांनी आजोबांची रीत सांगितली. गिऱ्हाइकानं कोऱ्या कागदावर उभं राहायचं, पेन सरळ धरून पायाभोवती रेघ ओढायची, शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवायचा. पान काढून टाकलं. तेव्हापासून मापाची एकच चूक झाली, आणि ती त्या गिऱ्हाइकाच्या भावानं गमतीत स्वतःचा पाय पाठवल्यामुळं.

प्राडाचं पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत असेल. त्यांनी पत्र लिहून मूळ मान्य केलं, डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, दोन हजार जोड करायचे ठरले, जोडाला सुमारे ८०० युरो. आमच्या गल्लीत यावर दोन दिवस चर्चा चालली. आण्णांचा प्रश्न एकच होता, ते लोक खोक्यावर किंमत किती लिहिणार? मी म्हणालो, आठशे. म्हणाले, पूर्ण? मी म्हणालो, पूर्ण.

गेल्या महिन्यात लीड्सला चार जोड गेले. फॉर्म मी भरला, वाचून आण्णांनी सही केली. वर्णनात ‘कोल्हापुरी चपला, नव्या, हातानं केलेल्या, म्हशीचं कमावलेलं चामडं’, पुढं आकडा ६४०३.२०, कारण ‘विक्री’, किंमत जेवढी घेतली तेवढी. वजनकाट्यावरच्या खोक्याचा आणि लेबलचा फोटो काढला. किमतीवरून आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. आण्णांच्या मते वेणीच्या जोडाला चार डॉलर जास्त घ्यायला हवेत, आणि ते पैसे आईच्या नावावर वेगळे लिहायला हवेत. पावतीत तशी ओळ घालायला कोड बदलावा लागेल. या शनिवारी बसतो.